खेचरांनी आखलेला घाट

लेसोथो या देशातली सगळ्यात सखल जागासुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटरवर आहे. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही देशाची जमीन इतक्या उंचीवर सुरू होत नाही. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या या डोंगराळ मुलखात पूर्वेकडून शिरायची वाट म्हणजे सानीची खिंड. पायथा १५४४ मीटरवर, माथा २८७६ मीटरवर.

माझी उभी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली. सह्याद्रीचे घाट रुंद करायचे, पावसाळ्यात दरडी उचलायच्या, मोऱ्या बांधायच्या. घाटरस्त्याला वीस फुटांमागे एक फूट चढ धरायचा, फारच अडचण आली तर चौदा-पंधरा फुटांमागे एक, ही आमची बाराखडी. सानीत काही टप्प्यांवर हा चढ तीन फुटांमागे एक होतो. निवृत्तीनंतर अडीचशे सीसीची मोटरसायकल भाड्याने घेऊन मी तिथे एकटी गेले, तेव्हा वरच्या वळणांवर पहिला गिअर सोडायची सोयच नव्हती. सुट्या दगडांवर मागचं चाक सरकायचं, पुढचं हलकं व्हायचं. पायांवर उभं राहून सगळं वजन हँडलकडे टाकायचं आणि एकेक वळण काढायचं. त्या गडबडीतही डोक्यात एकच प्रश्न होता: ही आखणी कुणी केली? नकाशा पुढ्यात घेऊन बसलेला कुठलाही इंजिनिअर अशी रेघ ओढणार नाही.

आखणी लादलेल्या जनावरांची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही घोड्या-खेचरांची वाट होती. वरून लोकरीचे आणि अंगोरा बकऱ्यांच्या केसांचे गठ्ठे खाली यायचे, खालून मक्याचं पीठ, मीठ, घोंगड्या वर जायच्या. पाठीवर ओझं असलेलं खेचर कुठे दम खातं, कुठे वळतं, कोणत्या दगडाला घाबरून बाजूने जातं, त्यावर त्या वाटेची वळणं ठरली. पुढे जीप आली ती त्याच वळणांवरून. जनावराला जेवढी जागा वळायला पुरते तेवढीच पुढे गाडीच्या वाट्याला आली, म्हणून काही वळणांवर गाडीला एका दमात वळताच येत नाही, मागे-पुढे करावं लागतं.

दगड मात्र ओळखीचा होता. काळा बेसाल्ट, थरावर थर. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, सानी ज्या ड्राकेन्सबर्ग पर्वतरांगेत आहे तिचा सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचा; पण जडणघडण एकाच जातीची. सह्याद्रीत या दगडाला पाऊस पोखरतो. इथे पोखरणारं बर्फ आहे. फटीत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, फुगतं आणि दगडाचा कपचा सुटतो. सानीवरच्या एका वळणाचं नावच आइस कॉर्नर आहे. हिवाळ्यात तिथे ऊन पोहोचत नाही, त्यामुळे बर्फ टिकून राहतं.

आता घोड्यांबद्दल. लेसोथोच्या लोकांकडे, म्हणजे बासोथोंकडे, मुळात घोडा नव्हता. सतराव्या शतकात डचांनी जावा बेटावरून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या केपमध्ये घोडे आणले, त्यांच्यात पुढे अरबी आणि इतर रक्त मिसळलं, आणि ते हळूहळू आतल्या मुलखात पसरले. १८२०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या पठारावर टोळीयुद्धांनी हाहाकार माजवला होता. गावंच्या गावं उठली, उपासमार झाली. त्या धामधुमीत मोश्वेश्वे नावाच्या एका तरुण सरदाराने १८२४मध्ये थाबा बोसिउ या सपाट माथ्याच्या डोंगराचा आसरा घेतला आणि आश्रयाला येईल त्याला जवळ केलं. निरनिराळ्या टोळ्यांची उद्ध्वस्त माणसं एकत्र करून त्याने एक राष्ट्र उभं केलं. त्याला पहिला घोडा मिळाला तो १८३०च्या सुमारास, मोरोसी या दक्षिणेकडच्या सरदाराकडून भेट म्हणून.

त्यानंतर जे झालं ते वाचून मी थक्क झाले. पुरती पंचवीस वर्षंही गेली नाहीत आणि हे लोक पक्के घोडेस्वार झाले. कुणी गोऱ्यांच्या शेतावर मजुरी करून घोडा मिळवला, कुणी लुटून आणला. १८५२च्या डिसेंबरात ब्रिटिश गव्हर्नर कॅथकार्ट दंडाची गुरं वसूल करायला फौज घेऊन बेरियाच्या पठारावर चढला, तेव्हा त्याच्यासमोर बंदुका घेतलेले हजारो बासोथो घोडेस्वार उभे ठाकले. कॅथकार्टला मागे हटावं लागलं. मोश्वेश्वेने त्याच रात्री त्याला नम्र पत्र पाठवलं, की शिक्षा पुरेशी झाली, आता तह करू. जिंकत असताना समोरच्याला मान राखून परत जायची वाट करून देणं याला फार मोठी अक्कल लागते. मला तो राजा आवडतो तो त्यामुळे.

थंडी, उतार आणि अपुरा चारा यांतून घोड्याची एक वेगळीच जात तयार झाली: बासोथो पोनी. बुटकी, रुंद छातीची, खूर इतके कठीण की पुष्कळदा नाल ठोकायची गरज पडत नाही. आपल्या भीमथडीच्या तट्टांसारखीच, दिसायला लहान आणि चालायला न थकणारी. पुढे ब्रिटिश आणि डच वंशाच्या बोअर लोकांतल्या युद्धात, १८९९ ते १९०२ या काळात, या पोनींची इतकी खरेदी झाली की चांगली पैदास डोंगरातून जवळजवळ निघून गेली. ती सावरण्यासाठी पुढे आयर्लंडच्या मदतीने पैदास केंद्र काढावं लागलं.

मधल्या लढाया थोडक्यात सांगते. बोअर लोकांच्या ऑरेंज फ्री स्टेटशी झालेल्या युद्धांत कॅलेडन नदीपलीकडची सुपीक जमीन गेली. उरलेलं वाचवायला मोश्वेश्वेने १८६८मध्ये ब्रिटिशांचं संरक्षण पत्करलं. १८७१मध्ये त्यांनी हा मुलूख परस्पर केप वसाहतीला जोडला. केप सरकारने बंदुका जमा करायचा हुकूम काढला, बासोथोंनी नकार दिला आणि १८८० साली युद्ध पेटलं. डोंगरी घोडेस्वारांपुढे केपची फौज थकली. बंदुका बासोथोंकडेच राहिल्या आणि १८८४मध्ये केपने हा देश ब्रिटिश सरकारला परत केला. हे झालं नसतं तर लेसोथो पुढे वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा एक जिल्हा झाला असता, असं माझं मत आहे. ४ ऑक्टोबर १९६६ला तो स्वतंत्र झाला.

सानीच्या माथ्यावरून पुढे गेलं की मोखोत्लाँग येतं. १९०५मध्ये तिथे पोलीस ठाणं बसलं, त्याभोवती गाव झालं. संपूर्ण ब्रिटिश साम्राज्यातल्या सगळ्यात एकाकी ठाण्यांपैकी हे एक मानलं जायचं. १९४७पर्यंत राजधानी मासेरूशी रेडिओनेही संपर्क नव्हता. निरोप न्यायचा तर घोड्यावर बसून, दऱ्या उतरत-चढत. म्हणजे या डोंगरात एकट्याने वाट कापणारा माणूस नवा नाही. राजाचा जासूद, घोड्यावरचा शिपाई, लोकरीचा व्यापारी, सगळे एकटेच जायचे. लेसोथोच्या पोलीस दलाच्या अधिकृत नावात आजही घोडेस्वार हा शब्द आहे.

सानीतून पहिली मोटर नेली ती १९४८मध्ये गॉडफ्री एडमंड्सने. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमान चालवलेला हा वैमानिक जीप घेऊन खेचरांच्या वाटेत घुसला. १९५५मध्ये डेव्हिड अलेक्झांडर याने मोखोत्लाँग माउंटन ट्रान्सपोर्ट नावाची कंपनी काढली आणि लँड रोव्हरमधून माल व माणसं या घाटाने नेऊ लागला.

माथ्यावरचा मुलूख मोकळा आहे. झाड औषधालाही नाही, नुसतं गवत आणि वारा. जवळच ३४८२ मीटर उंचीचं थाबाना न्त्लेन्याना आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागात त्याहून उंच शिखर नाही. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनाची ताकद साधारण एक चतुर्थांश तरी कमी होते. पिळलं तेवढं पळत नाही. गुरं राखणारी मुलं गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि अंगावर जाड घोंगडी घालून उभी असतात. मोटरसायकल थांबली की हात वर करून म्हणतात, "लुमेला, म्मे." म्हणजे नमस्कार, आई. वस्त्यांत काठीला फडकं बांधलेलं दिसतं. पांढरं असेल तर त्या घरी ज्वारीची बिअर तयार आहे, लाल असेल तर मटण, हिरवं असेल तर भाजी. दुकानाच्या पाटीचं काम ते फडकं करतं.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले तिच्याकडे येते. डोंगरातल्या मोटरसायकलबद्दल लिहिलं जातं ते बहुतेक साहसाबद्दल, शर्यतींबद्दल. लेसोथोत 'रूफ ऑफ आफ्रिका' ही फार अवघड शर्यत होते, तिचा बोलबाला आहे. पण या देशात मोटरसायकलने खरं काम केलं ते आरोग्यसेवेत. 'रायडर्स फॉर हेल्थ' ही संस्था मोटरसायकल शर्यतींच्या जगातल्या माणसांनी उभी केली: बॅरी आणि अँड्रिया कोलमन हे ब्रिटिश दांपत्य आणि रँडी मामोला हा अमेरिकन शर्यतपटू. १९८०च्या दशकात आफ्रिकेत गेल्यावर त्यांना दिसलं की मदत म्हणून आलेल्या मोटरसायकली किरकोळ बिघाडामुळे गंजत पडल्या आहेत. साखळीला तेल नाही, फिल्टर साफ केलेला नाही, नट ढिले झाले ते कुणी आवळले नाहीत, बस एवढंच. १९९१पासून लेसोथोत त्यांनी आरोग्य कर्मचाऱ्यांना गाडी चालवायला आणि मुख्य म्हणजे राखायला शिकवलं. रोज निघण्यापूर्वी इंधन आणि तेल बघायचं, साखळी बघायची, नट-बोल्ट आवळायचे, काही खटकलं तर थांबायचं. त्या कार्यक्रमातल्या ४७ मोटरसायकली सात वर्षं एकदाही बंद न पडता चालल्या, अशी त्यांची नोंद आहे. ज्या रस्त्यांवरून त्या चालल्या ते मी पाहिले आहेत, म्हणून या नोंदीची किंमत मला कळते.

प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या जगातल्या देशांत लेसोथो मोडतो. रक्त तपासायला प्रयोगशाळा लागते, ती सखल भागातल्या शहरात. दवाखाना दरीपलीकडे. नमुना वेळेत पोहोचला नाही तर वाया जातो, आणि रुग्णाला पुन्हा तेवढीच पायपीट करावी लागते. पुढे मोटरसायकलवाले हे नमुने नेऊ लागले आणि अहवाल परत आणू लागले. राजाचा जासूद ज्या डोंगरवाटांनी जायचा, तिथूनच आता रक्ताची पेटी जाते.

मोठे रस्ते आले ते दुसऱ्याच कारणाने. १९८६मध्ये दक्षिण आफ्रिकेशी पाण्याचा करार झाला आणि डोंगरात धरणं उभी राहिली. १८५ मीटर उंचीच्या कात्से धरणासाठी यंत्रं न्यायची म्हणून ३०९० मीटरवरच्या माफिका लिसिउ खिंडीतून डांबरी रस्ता काढला. काम देखणं आहे, इंजिनिअर म्हणून मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन. पण तो रस्ता पाण्यासाठी झाला. वाटेतल्या वस्त्यांना त्याचा उपयोग झाला तो ओघाने.

सानीच्या माथ्यापासून मोखोत्लाँगकडे आता डांबर आहे, पायथ्याकडचा टप्पाही सुधारला आहे. मधला खडा चढ डांबरी करावा की नाही यावर वाद चालतो, आणि आमच्यासारखे हौशी स्वार नको म्हणतात. मला ते पटत नाही. तो रस्ता आपल्या थरारासाठी नाही, वर राहणाऱ्यांच्या लोकरीसाठी आणि आजाऱ्यांसाठी आहे. तो पक्का झालाच पाहिजे. फक्त डांबरापूर्वी गटारं आणि मोऱ्या करा, नाहीतर गोठणारं पाणी तो रस्ता दोन हिवाळ्यांत उखडून टाकेल. आणि जुनी वळणं मोडू नका. रस्त्याच्या कडेने घोड्यांसाठी पायवाट राखा, कारण मोखोत्लाँगच्या आसपासच्या कितीतरी वस्त्यांवर आजही घोड्यावरूनच जावं लागतं.