न्यूर्नबर्गचा नाताळ-बाजार

जर्मनींतील न्यूर्नबर्ग शहरीं डिसेंबर महिन्यांत जाण्याचा योग ज्यास येतो, त्यास तेथील मुख्य चौकांत भरणारा नाताळचा बाजार पाहिल्यावांचून परततां येत नाहीं. दिवस साडेचारच्या आंतच मावळतो, थंडीनें बोटें बधिर होतात, आणि त्या अंधारांत सुमारें १८० लांकडी दुकानें दिव्यांनीं उजळलेलीं दिसतात. प्रत्येक दुकानावर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचें कापड ताणलेलें. कोठें सोनेरी पत्र्याच्या देवदूत-बाहुल्या, कोठें सुकविलेल्या आलुबुखारांचीं केलेलीं गमतीदार माणसें, कोठें मसाला घालून ऊन केलेल्या द्राक्षमद्याच्या वाफा. मीं हा देखावा पाहिला तेव्हां मनांत पहिला विचार आला तो असा कीं, हें सारें शतकानुशतकें असेंच चालत आलें असावें. परंतु इतिहासाच्या अध्यापकानें असा विचार येतांच सावध झालें पाहिजे. जी रूढि अनादि वाटते, तिचीच जन्मपत्रिका आधीं मागावी, हा आमच्या शास्त्राचा साधा नियम आहे.

ह्या बाजाराची जन्मपत्रिका सांपडत नाहीं. सांपडते ती एक रंगविलेली लहानशी लांकडी पेटी. न्यूर्नबर्गच्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयांत ती जपून ठेविलेली आहे. एका बाईनें दुसरीस ही पेटी १६२८ सालीं ‘बाल-बाजारां’तून भेट म्हणून धाडली, असें तिच्यावर लिहिलेलें आहे. बाजाराचा ह्याहून जुना पुरावा उपलब्ध नाहीं. ड्रेस्डनचा बाजार १४३४ पासूनचा. त्या मानानें हा धाकटाच. परंतु त्या सालाकडे वाचकांनीं क्षणभर पाहावें. १६१८ सालीं पेटलेलें तीस वर्षांचें युद्ध तेव्हां दहा वर्षें जर्मनीस जाळीत होतें. आणि अशा काळांतहि कोणी एक बाई चौकांत जाऊन मैत्रिणीसाठीं एक पेटी विकत घेत होती. राजांच्या तहनाम्यांतून जें कळत नाहीं तें अशा एखाद्या पेटींतून कळतें.

मग ‘बाल-बाजार’ हें नांव कशावरून? पूर्वीं मुलांस खाऊ-खेळणीं मिळत तीं ६ डिसेंबरला, म्हणजे संत निकोलसच्या दिवशीं. लूथर व त्याचे अनुयायी ह्यांस संतपूजा मान्य नव्हती. त्यांनीं भेटींचा मान संताकडून काढून बालख्रिस्ताकडे दिला आणि दिवसहि नाताळचा ठरविला. न्यूर्नबर्गनें १५२५ सालीं हा सुधारलेला पंथ स्वीकारला. भेटींचा दिवस बदलला तसा खरेदीचा हंगामहि बदलला. येथें इतिहासाची एक गंमत दिसते. पुढें प्रॉटेस्टंट मुलखांत दाढीवाला नाताळबाबा रूढ झाला, आणि प्रॉटेस्टंटांनींच पुढें आणलेला बालख्रिस्त दक्षिणेकडील कॅथॉलिकांचा म्हणून ओळखला जाऊं लागला! मालक बदलला तरी रूढि जिवंत राहिली.

१७३७ पर्यंत शहरांतील जवळजवळ सर्व कारागीरवर्ग ह्या बाजारांत बसूं लागले होते. त्यांतच ‘लेबकूखन’ नांवाच्या मसालेदार मधुर वड्या करणारे येतात. त्यांचा स्वतंत्र संघ १६४३ सालीं स्थापन झाला. मध शहराभोंवतींच्या राजअरण्यांतला. पण दालचिनी, लवंग, वेलदोडे हे कोठचे? प्रथम ते व्हेनिसच्या मार्गानें येत. पुढें लिस्बनची वाट उघडली. १५०५ सालीं आल्मैदाच्या हाताखालीं जें पोर्तुगीज आरमार हिंदुस्थानाकडे निघालें, त्यांत जर्मन सावकारांनीं भांडवल घातलें होतें, आणि त्या सावकारांत न्यूर्नबर्गचीं इमहोफ व हिर्शफोगेल हीं घराणीं होतीं. त्यानंतर पांच वर्षांनीं गोवें पडलें. जर्मन भाषेंत अशा वड्यांस ‘मिऱ्यांची वडी’ असेंहि एक नांव आहे. तेव्हां ज्यास आपण अस्सल जर्मन खाऊ समजतों, त्याच्या चवींत मलबारचा किनारा फार पूर्वींपासून मिसळलेला आहे.

येथपर्यंतची कथा गोड आहे. परंतु बाजार ज्या चौकांत भरतो त्या चौकाची कथा तशी नाहीं. चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथें चौक नव्हता. ज्यूंची वस्ती होती. १३४९ च्या नोव्हेंबरांत सम्राट चौथ्या चार्लसनें ती पाडण्यास नगराला परवानगी दिली. आणि ५ डिसेंबर रोजीं, संत निकोलसच्या आदल्या दिवशीं, निदान ५६२ ज्यू स्त्रीपुरुष व मुलें मारलीं गेलीं. मोकळ्या झालेल्या जागेवर बाजारपेठ आली. जेथें ज्यूंचें प्रार्थनामंदिर होतें तेथें मेरीमातेचें देवालय उभें राहिलें. त्या देवालयाच्या दर्शनी भागावर १५०९ सालचें एक घड्याळ आहे. रोज भर दुपारीं बारा वाजतां सात मांडलिक राजे एका सम्राटासभोंवतीं प्रदक्षिणा घालतात, आणि खालीं जमलेले प्रवासी माना वर करून कौतुक करतात. तो सम्राट म्हणजेच हा चौथा चार्लस! मींहि मान वर करून पाहिलें, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. आणि पायांखालचा इतिहास आठवल्यावर ती आपोआप खालीं गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारास उतरती कळा लागली. १८९८ सालीं तो मुख्य चौकांतून हलविण्यांत आला आणि पुढें अनेक वर्षें इकडून तिकडे फिरत राहिला. तो परत चौकांत आला १९३३ सालीं, आणि परत आणणारे होते नाझी. चौकाचें नांव तेव्हां हिटलरच्या नांवावरून ठेवलेलें होतें. देवालयाच्या सज्जांत मुकुट घातलेल्या बालख्रिस्तानें यावें, दोन्ही बाजूंस देवदूत असावेत, वरून पद्यांत जनतेस आमंत्रण द्यावें, हा जो उद्‌घाटनाचा सोहळा आज प्रवाशांस मध्ययुगीन वाटतो, तो त्या वर्षीं प्रथम रचिला गेला. जुन्या जर्मनपणाचा देखावा त्यांना हवा होता. ज्या शहरांत १९३५ सालीं ज्यूंचें नागरिकत्व हिरावून घेणारे कायदे जाहीर झाले, त्याच शहराचें हें गोंडस मुखपृष्ठ होतें.

१९३९ सालीं युद्ध आलें व बाजार बंद पडला. २ जानेवारी १९४५ च्या रात्रीं विमानांनीं जुनें शहर जवळजवळ जमीनदोस्त केलें. १९४८ सालीं पडक्या भिंतींमध्यें बाजार पुन्हां भरला. आतां प्रश्न असा होता कीं, सज्जांतील त्या बालख्रिस्ताचें काय करावें? नगरानें त्याला टाकून दिलें नाहीं. फ्रीडरिख ब्र्योगर ह्या कवीनें नवें निवेदन लिहिलें आणि एका नटीनें तें म्हटलें. १९६९ पासून दर दोन वर्षांनीं शहरांतील सोळा ते एकोणीस वर्षांच्या मुलींतून एकीची त्या मानासाठीं निवड होऊं लागली.

२०१९ सालीं निवडलेली मुलगी न्यूर्नबर्गमध्येंच जन्मलेली; आई जर्मन, वडील आपल्या लखनौचे. एका राजकीय पक्षाच्या बव्हेरियांतील जिल्हाशाखेनें तिचें चित्र छापून खालीं लिहिलें कीं, एक दिवस आपली गत रेड इंडियनांसारखी होणार. पुढें तो मजकूर काढून टाकण्यांत आला. नगर त्या मुलीच्या पाठीशीं उभें राहिलें, आणि तिनें सज्जांतून आपलें काम केलें. मला त्या लिहिणाराच्या द्वेषाइतकेंच त्याच्या अज्ञानाचें आश्चर्य वाटतें. ज्या संग्रहालयांत ती १६२८ ची पेटी आहे, तेथेंच मार्टिन बेहाइमचा १४९२ चा पृथ्वीगोल आहे. आज उपलब्ध असलेल्या पृथ्वीगोलांत तो सर्वांत जुना. त्यावर अमेरिका नाहीं. ‘इंडियन’ हें नांव त्या खंडांतील लोकांस चिकटलें तें त्याच वर्षींच्या कोलंबसच्या चुकीमुळें. आणि ती चूक घडली ती ह्याच मसाल्यांच्या शोधापायीं, जे त्या बाजारांतील प्रत्येक वडींत आहेत.

रूढि जुनी आहे कीं नवी, एवढ्यावरून तिची किंमत ठरत नाहीं. न्यूर्नबर्गचा सोहळा दुष्टांनीं रचिला, हें खरें. नंतरच्यांनीं तो त्यांच्या हातून सोडविला, हेंहि तितकेंच खरें. १९३३ सालीं तो सज्जा ज्यांस बाहेर ठेवण्यासाठीं सजविला, त्यांत लखनौकराची लेक सहज मोडली असती. १३४९ चे ५६२ जीव मात्र कोणत्याहि निवडीनें परत येणारे नाहींत. म्हणून त्या चौकांत जाणाऱ्या मराठी प्रवाशानें वडी जरूर खावी, घड्याळहि पाहावें. पण बाराचे ठोके संपल्यावर क्षणभर खालच्या फरशीकडेहि पाहून मग पुढच्या दुकानाकडे वळावें.