तहबाजारीची पावती आणि दारातली गाडी

मराठवाड्यातला कुठलाही आठवडी बाजार घ्या. अहमदपूरचा, चाकूरचा, नाहीतर पलीकडे लोहा-कंधारचा. पोतं अंथरून मेथीच्या जुड्या मांडणाऱ्या बाईसमोर एक माणूस येऊन उभा राहतो, पावती फाडतो, पैसे घेतो आणि पुढच्या पाटीकडे सरकतो. ही तहबाजारी. सरकारी जागेवर बसलात तर बसल्याचे पैसे मोजा, इतका सरळ हिशेब. फारसी वळणाचा हा शब्द हैदराबाद संस्थान गेलं तरी नगरपरिषदांच्या दप्तरातून गेला नाही. अनेक ठिकाणी वसुलीचा ठेका लिलावाने दिला जातो, आणि ठेकेदाराच्या माणसाशी चार-दोन रुपयांवरून होणारी हुज्जत हाही बाजाराचाच भाग असतो.

त्याच रस्त्यावर वीस पावलांवर एक चारचाकी सकाळपासून उभी असते. महाराष्ट्राच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे एका मोटारीला किमान अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. मेथीवालीची पाच-सहा पोती तिथे आरामात मावतील. पण मोटारीसमोर पावतीपुस्तक घेऊन सहसा कुणी उभं राहत नाही. वस्तीतल्या गल्लीत तर नाहीच नाही. तिथे गाडी रात्रभर, आठवडाभर, लग्नसराईत महिनाभरही फुकट उभी राहते.

रहिवाशांसाठी परवाना पार्किंग ही कल्पना नेमकी या ठिकाणी येऊन आदळते. गल्लीतल्या रस्त्याकडेच्या जागा तिथल्या रहिवाशांसाठी राखायच्या, त्यांच्याकडून वर्षाला ठराविक शुल्क घ्यायचं, गाडीला परवाना द्यायचा, आणि बाहेरून आलेल्याने तासावर पैसे भरायचे किंवा गाडी दुसरीकडे न्यायची. ही मोटारीची तहबाजारीच म्हटली पाहिजे. महाराष्ट्रात ती प्रस्तावांच्या पलीकडे फारशी का गेली नाही, हे समजायला बैलगाडीपासून सुरुवात करावी लागते.

बैलगाडी रस्त्यावर मुक्कामाला नसे. बैलांना दावण लागते, कडबा लागतो, पाणी लागतं. त्यामुळे गाडी जिथे सुटायची तिथे जनावरांची सोयही असायची: ऐपतदाराच्या वाड्यात, गोठ्यापुढच्या मोकळ्या जागेत, नाहीतर गावकुसाबाहेरच्या माळावर. जुन्या वाड्यांचे दरवाजे एवढे मोठे का आणि त्यांच्या पोटात माणसापुरती दिंडी का, याचं एक उत्तर गाडीच आहे. मोठं दार धान्याने भरलेल्या गाडीसाठी उघडायचं, एरवी दिंडीतून ये-जा. शहरांत परगावच्या गाड्यांसाठी वेगळी जागा असे. पुण्यात हडपसरच्या नाक्याला आजही गाडीतळ म्हणतात. बैल गेले, तळ गेला, नाव तेवढं पीएमपीच्या बसवर राहिलं.

बैलगाडीच्या त्या काळात अहमदपूर निजामाच्या बिदर जिल्ह्यात होतं. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबादला जोडलं गेलं आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला तेव्हा लातूरकडे आलं. जिल्हे बदलले तरी व्यापाराची ओढ लातूरकडेच होती. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोचली आणि बालाघाटाच्या डोंगरभागातला माल गाड्या भरभरून तिकडे जाऊ लागला. १९१७ची गंजगोलाई ही त्याच काळातली. मधे वर्तुळाकार बाजार, त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते, आणि त्या-त्या रस्त्यावर त्या-त्या मालाची दुकानं. भरली गाडी एका बाजूने आत यावी, माल उतरावा, रिकामी दुसऱ्या बाजूने निघावी, अशा वाहतुकीला हा आराखडा शोभून दिसतो. आज तिथे दुचाकी कुठे लावायची या चिंतेने लातूरकर हैराण असतो. त्याचा दोष आराखड्याच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. तो हलत्या गाडीचा जमाना होता, उभ्या गाडीचा नव्हे.

यात्रेत मात्र उभ्या गाड्यांचं शहरच वसायचं. अहमदपूर-नांदेड रस्त्यावरच्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार भरतो. तिथे बैलगाडीने येणाऱ्यांचा मुक्काम गाडीखालीच असे. पण यात्रा संपली की माळ मोकळा.

भाड्याच्या गाड्यांना शहरात कायद्याने शिस्त लावायचा प्रयत्न जुनाच आहे. मुंबईत भाड्याच्या वाहनांसाठी १८६३ सालीच कायदा झाला. व्हिक्टोरिया, टांगा, पुढे टॅक्सी आणि रिक्षा, सगळ्यांना नंबर, दर आणि ठरलेला अड्डा. पोटासाठी गाडी हाकणाऱ्याने कुठे थांबावं हे सरकारने दीडशे वर्षांपूर्वी सांगितलं. हौसेने किंवा सोयीने गाडी बाळगणाऱ्याला तसं सांगायचं धाडस अजून पुरतं झालेलं नाही. भाजीवाली आणि टांगेवाला एका बाजूला, मोटारमालक दुसऱ्या बाजूला, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणाला खटकत नाही.

गाडीपायी घर रस्त्यात सरकायला लागलं ते स्कूटरच्या पिढीत. १९७२ साली बजाजची चेतक आली आणि काही वर्षं वाट पाहून मिळालेली स्कूटर रस्त्यावर कोण ठेवणार? रात्री फळी टाकून ती ओसरीवर चढवली जायची. मग फळीच्या जागी सिमेंटचा उतार झाला, उतार गटारावर आला, गटारावरून रस्त्यात आला. नगरपरिषदेच्या अतिक्रमण मोहिमेत जेसीबीचा पहिला घास हा उतारच असतो. असिरियाचा राजा सेनाखेरिब याने इसवी सनापूर्वी सातव्या शतकात निनवे शहरातला राजमार्ग रुंद केला आणि ज्याचं घर त्या मार्गात पुढे सरकेल त्याला त्याच घरावर सुळी द्यावं, असं दगडावर कोरून ठेवलं. आपल्या मुख्याधिकाऱ्यांकडे फक्त नोटीस असते.

मोटार ओसरीवर चढत नाही. आणि ज्या वस्त्यांत ती आली त्या वस्त्या तिच्यासाठी आखलेल्या नव्हत्या. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या वसाहती राज्यभर वाढल्या. त्या नियमित करायला २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला आणि २०२१ साली मुदत वाढवून डिसेंबर २०२०पर्यंतची बांधकामं त्यात घ्यावी लागली. प्लॉट विकताना रस्ता जेवढा कमी सोडावा तेवढा विकणाऱ्याचा फायदा. त्या अरुंद रस्त्यावर आज दोन्ही बाजूंना गाड्या आहेत आणि मधून पाण्याचा टँकर जायचा आहे.

मग प्रत्येकाने आपापला कायदा केला. दारासमोर दोन दगड. जुना टायर, त्यात रोवलेली तुळस. तुळशीला हात लावायचं धाडस कोण करणार! फाटकावर हाताने रंगवलेली पाटी: गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ११७प्रमाणे गाड्या थांबवण्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारचा किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचा, तोही स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. गैरसोयीची किंवा धोक्याची ठरणारी गाडी कलम १२२मध्ये सापडते, ती उचलून न्यायची तरतूद १२७मध्ये आहे. हवा सोडण्याचं कलम कुठे नाही. तरी गल्लीत चालतो तो पाटीचाच कायदा, कारण दारापुढची जागा आपली, ही समजूत सातबाराइतकी पक्की आहे.

अमेरिकेतही ही समजूत होतीच. रस्त्याकडेच्या जागेचे पैसे घेणारं पहिलं मीटर १९३५च्या जुलैत ओक्लाहोमा सिटीत बसलं, तासाला पाच सेंट. पण ते बाजारपेठेसाठी. वस्तीचा प्रश्न पुढे आला तो व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टन परगण्यात. वॉशिंग्टनला लागून असलेल्या या भागात क्रिस्टल सिटी नावाची कार्यालयांची मोठी वसाहत उभी राहिली आणि तिथले नोकरदार शेजारच्या घरांपुढे गाड्या लावून कामाला जाऊ लागले. परगण्याच्या मंडळाने कामाच्या दिवशी दिवसभर ते रस्ते रहिवाशांच्या परवान्यापुरते राखून ठेवले. नोकरदार कोर्टात गेले: रस्ता सगळ्यांच्या करातून झाला, मग तिथे राहणाऱ्याला झुकतं माप का? व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाला हे पटलं, नियम रद्द झाला. पण ऑक्टोबर १९७७मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. वस्तीतली वर्दळ, आवाज आणि धूर कमी करणं हा रास्त हेतू आहे आणि त्यासाठी रहिवासी व बाहेरचा असा भेद करता येतो, असं न्यायालयाने मान्य केलं. त्यानंतर असे परवाने अमेरिकेतल्या शहरांमागून शहरांत पसरले.

लातूरच्या शिकवण्यांच्या परिसरात राहणाऱ्याला हा खटला परका वाटणार नाही. क्रिस्टल सिटीच्या जागी क्लासेस ठेवा, नोकरदारांच्या जागी गावोगावहून मुलांना सोडायला-न्यायला आलेले पालक.

जपानने दुसरा रस्ता धरला. १९६२च्या कायद्याने मोटार घेणाऱ्याला आधी ती ठेवायची जागा दाखवावी लागते. जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी आणि पोलिसांचा दाखला हवा. रस्त्यावर एकाच ठिकाणी सलग बारा तास किंवा रात्रीचे आठ तास गाडी उभी ठेवणं गुन्हा. म्हणजे तिथे रस्त्याचा परवाना देण्याचा प्रश्नच त्यांनी मुळातून काढून टाकला.

भारतात याची नक्कल करायची इच्छा अधूनमधून उसळी घेते. डिसेंबर २०१६मध्ये तेव्हाचे केंद्रीय नगरविकासमंत्री व्यंकय्या नायडू म्हणाले की जागेच्या दाखल्याशिवाय गाडीची नोंदणी होणार नाही. मे २०२५मध्ये राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जवळपास तेच जाहीर केलं. मधल्या काळात, ऑगस्ट २०२१मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एका जनहित याचिकेवर बोलताना एक फ्लॅट असलेल्या कुटुंबाला चार-पाच गाड्या कशाला घेऊ द्यायच्या, असा खडा सवाल केला होता. सवाल वर्तमानपत्रांत गाजला. गाड्यांची विक्री त्याने थांबली नाही.

परवान्याच्या दिशेने दोन मोठ्या शहरांनी पाऊल टाकलं, तेव्हा काय झालं ते पाहण्यासारखं आहे. मुंबईच्या ‘ए’ विभागात, म्हणजे कुलाबा-फोर्टच्या भागात, २०१५च्या सुमारास नवं पार्किंग धोरण आलं. रहिवाशांनीही रस्त्यावरच्या जागेचे पैसे द्यावेत, हा त्याचा गाभा. देशातल्या सर्वांत महागड्या घरांत राहणाऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी धोरणाला स्थगिती दिली. पुण्यात मार्च २०१८मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेत पार्किंग धोरण मांडलं गेलं. मूळ प्रस्तावात रात्री रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांनाही शुल्क होतं. विरोधी पक्ष रस्त्यावर उतरले, सभेत गोंधळ झाला, आणि अखेर सगळं आकसून पाच रस्त्यांवर सहा महिन्यांच्या प्रयोगापुरतं उरलं. पुणेकराला सम-विषम तारखेचं पी-वन, पी-टू चालतं, कारण त्यात जागा बदलते, पैसे जात नाहीत.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा होता. परवाना म्हणजे जागेची हमी नव्हे. गल्लीत तीस गाड्यांची जागा आणि साठ परवाने असतील तर पैसे भरूनही रात्री दहाला घिरट्या घालाव्याच लागतील. दिल्लीच्या २०१९च्या नियमांत म्हणून आधी वस्तीचा आराखडा करायला सांगितलं आहे: किती जागा, किती गाड्या, रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब जायला मोकळी वाट किती, हे आधी, परवाने त्यानंतर. बेंगळुरूच्या धोरणाला २०२१च्या सुरुवातीला मंजुरी मिळाली. त्यात छोट्या मोटारीला वर्षाला हजार रुपये आणि मोठ्या एसयूव्हीला पाच हजार अशी चढती भाजणी होती. हजार रुपये म्हणजे दिवसाला तीन रुपयांच्या आत. बाजारातल्या पोत्याचा दर यापेक्षा स्वस्त असेल असं नाही.

लातूर-नांदेड महामार्गावरच्या अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी हेच करायचं म्हटलं, तर पहिला अडथळा कागदाचा येईल. रहिवासी कोण? मालमत्ता कराची पावती दाखवेल तो, असं ठरवलं तर भाड्याने राहणारे शिक्षक, बँकेतले कर्मचारी आणि तहसीलचे कारकून बाहेर पडतात. गुंठेवारीत ज्यांची घरं अजून नियमित झालेली नाहीत तेही. आधार कार्डावरचा पत्ता धरला तर तो अनेकांचा खेड्यातला असतो. घरामागे एक परवाना की गाडीमागे एक, हा त्याहून अवघड प्रश्न. एका घरात तीन भाऊ आणि तीन गाड्या असतील तर नगरसेवकाने कुणाचं ऐकायचं?

दुसरी अडचण दराच्या तक्त्याची. बेंगळुरूचा तक्ता मोटारींसाठी आहे. इथल्या गल्लीत दुचाक्या जास्त, आणि त्यांच्या जोडीला पिकअप, प्रवासी जीप, ऊसतोडीच्या हंगामात मुकादमाचा ट्रक. वेळ अमावास्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं, तो एक दिवस सोडला तर जागा रिकामी सापडायची नाही. आणि ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की घरासमोर ट्रॅक्टर उभा राहतो, मागे ट्रॉली, ट्रॉलीत भाव चढायची वाट पाहणारी पोती. नगरपरिषदेच्या सभेत असा ठराव कधी आलाच, तर मोटारीच्या दरावर फार वाद होणार नाही. ट्रॉलीला वेगळा परवाना लावायचा की ती ट्रॅक्टरच्याच परवान्यात धरायची, यावर मात्र सभा दोनदा तहकूब होईल.