लहान विमान घेणे सोपे, सांभाळणे अवघड

खास प्रतिनिधी, बीड

बीड जिल्ह्याला आकाशातून येणाऱ्या पाहुण्यांचे अप्रूप राहिलेले नाही. निवडणुकीच्या दिवसांत हेलिकॉप्टरने उडविलेली धूळ इथल्या माणसांनी पुष्कळ खाल्ली आहे. २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसासाठी तेव्हाच्या औरंगाबादहून विमाने उडाली, तेव्हा मराठवाड्याने आशेने वर पाहिले. रेल्वे मात्र बीड शहरात आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. जमिनीवरच्या प्रवासासाठी इतकी वर्षे ताटकळलेल्या जिल्ह्यात धावपट्टीचा विषय निघाला, की 'स्वतःचे छोटे विमान असेल तर मुंबई दीड तासावर' हे वाक्य कोणीतरी हमखास उच्चारतो.

हा हिशेब चुकीचा नाही. बीड ते जुहू हे सरळ हवाई अंतर तीनशे किलोमीटरच्या थोडे पुढे भरते. सेसना १७२ सारखे चार आसनी विमान ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते आणि तासाला साधारण ३० ते ३८ लिटर इंधन पिते. म्हणजे पन्नास-साठ लिटरमध्ये मुंबई. एखाद्या मोठ्या मोटारीलाही येण्याजाण्यात असा खर्च येतोच! परंतु हा हिशेब विमान उडत असतानाचा झाला. खासगी विमान आयुष्याचा बहुतेक काळ जमिनीवर उभे असते आणि मालकाची खरी परीक्षा तेथेच होते.

इंजिन ओळखीचे, शिस्त अनोळखी

कृत्रिम पावसासाठी वापरलेली विमाने टर्बोप्रॉप होती. त्यांना केरोसीनच्या जातीचे इंधन लागते. येथे विचार करावयाचा आहे तो पिस्टन इंजिनाच्या विमानाचा. हे इंजिन आपल्या ओळखीचे आहे. सिलिंडर, पिस्टन, स्पार्क प्लग हे सारे मोटारसायकलसारखेच. सेसना १७२ मधील लायकमिंग इंजिनाचे चार सिलिंडर दोन-दोन असे समोरासमोर आडवे बसविलेले असतात आणि बुलेटप्रमाणे ते वाऱ्यावर थंड होतात. हे विमान प्रथम १९५५ मध्ये उडाले. त्यानंतर ४४ हजारांहून अधिक बनले. जगात इतक्या संख्येने दुसरे कोणतेही विमान बनलेले नाही.

फरक आहे तो दुहेरीपणाचा. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांना ठिणगी पुरविणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. विमानाची बॅटरी पार बसली तरी मॅग्नेटो आपली वीज आपणच तयार करतात आणि इंजिन चालू राहते. प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिक इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर आणून एकेक मॅग्नेटो क्षणभर बंद करून पाहतो. फेऱ्या दीडशेपेक्षा अधिक घटल्या, किंवा दोन्ही मॅग्नेटोंमधील फरक पन्नासच्या पुढे गेला, तर विमान परत हँगरमध्ये न्यायचे. मोटारीत 'जरा मिसिंग आहे, बघू पुढच्या गावात' असे म्हणता येते. आकाशात पुढचे गाव नसते.

प्लगचे महत्त्व भारतीय हवाई इतिहासात फार मोठ्या माणसांच्या नावाशी जोडले गेले आहे. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. पुढच्याच वर्षी आगाखान यांनी जाहीर केलेल्या पारितोषिकासाठी ते आपल्या जिप्सी मॉथ विमानातून एकट्याने कराचीहून इंग्लंडकडे निघाले. प्रतिस्पर्धी अ‍ॅस्पी इंजिनीअर उलट दिशेने येत होते. इजिप्तमधील अबुकीर येथे टाटा उतरले, तेव्हा कोवळ्या वयाचे अ‍ॅस्पी प्लगअभावी अडकून पडलेले त्यांना दिसले. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. स्पर्धा अ‍ॅस्पींनी थोडक्या तासांच्या फरकाने जिंकली आणि पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. टाटांच्या खिलाडूपणाची कथा म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. विमान बाळगणाऱ्याने मात्र त्यातील दुसरी बाजूही पाहावी. लांबच्या प्रवासाला निघालेल्या एका मालकाकडे जादा प्लग होते, दुसऱ्याकडे नव्हते.

तासांचे गणित

विमानाचे आयुष्य किलोमीटरमध्ये नव्हे, तासांत मोजतात. पन्नास तासांनी इंजिनातील तेल आणि फिल्टर बदलायचे. काढलेला फिल्टर कापून आतील कागदाच्या घड्या उलगडून पाहायच्या. तेथे धातूचे कण चमकले, तर इंजिन आतून झिजत असल्याची ती पहिली खूण असते. शंभर तासांनी सविस्तर तपासणी होते. त्यात प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० अंकी दाबाची हवा भरून तो किती धरून ठेवतो हे पाहतात. ७४-७५ आले तर अभियंता समाधानाने मान हलवितो. साठीच्या खाली आकडा घसरला तर गळती झडपेतून आहे की पिस्टनच्या कड्यांतून, याचा शोध सुरू होतो. मॅग्नेटो पाचशे तासांनी उघडून पाहायचे. आणि २००० तासांनी, किंवा बारा वर्षांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा संपूर्ण इंजिन खोलून नूतनीकरण करावे, अशी उत्पादकाची शिफारस आहे.

बारकाव्यांचे एक उदाहरण पुरे. सेसनाच्या वैमानिकाची खुर्ची रुळांवर पुढेमागे सरकते. रुळाची भोके झिजली की नेमकी उड्डाणाच्या क्षणी, नाक वर होताना खुर्ची मागे घसरते. वैमानिकाच्या हातात सुकाणू असते आणि तोही मागे ओढला जातो. अशा अपघातांनंतर अमेरिकी हवाई प्रशासनाने १९८७ मध्ये आदेश काढून या रुळांची ठरावीक तासांनी मोजमाप करून तपासणी सक्तीची केली. विमानाच्या किमतीपुढे या रुळाची किंमत ती काय!

उभे विमान कुजते

मराठवाड्यातील हौशी मालकाने सर्वांत आधी समजून घ्यावी अशी गोष्ट ही, की कमी वापरलेले विमान चांगलेच असते असे नाही. लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन उभे राहिले की त्यावरील तेलाचा थर हळूहळू निथळून जातो, आतील दमट हवा लोखंडावर बसते आणि गंज धरतो. पुढच्या खेपेस इंजिन सुरू होते, तेव्हा हा गंज कानसेसारखे काम करतो.

यावर अनेक जण एक उपाय करतात आणि तो चुकीचा आहे. आठवड्यातून एकदा जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन चालवून बंद करायचे! इतक्या वेळात तेल पुरेसे तापत नाही. उलट ज्वलनातून निर्माण झालेली वाफ आतच राहते. तेल ७५ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापून तासभर तसेच राहील असे एक खरे उड्डाण महिन्यातून एकदा तरी हवे. ते शक्य नसेल तर जपणूक-तेल भरून, प्लगच्या जागी ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या नळ्या बसवून इंजिन 'झोपवावे' लागते. हे दाणे निळे असतात. ते गुलाबी झाले की बदलायचे.

बाकीचे शत्रू आपल्या घरचेच आहेत. काळ्या जमिनीची उन्हाळी धूळ हवेच्या गाळणीत बसते. हवेचा वेग मोजणारी पंखाखालील नळी कुंभारमाशीला घरट्यासाठी फार आवडते. ही नळी चिखलाने बुजली तर विमान धावू लागते आणि वेगदर्शक काटा शून्यावर झोपलेला राहतो. लाल फडका लावलेले दहा-वीस रुपयांचे आवरण रोज घालणे, हा त्यावरचा उपाय. साळुंक्यांना इंजिनाचे झाकण आणि उंदरांना तारांचे वेष्टण प्रिय असते, हे वेगळे सांगावयास नको. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेथे विमान उघड्यावर ठेवणे म्हणजे रंग, काच आणि रबरी भाग यांचा जाणूनबुजून नाश करणे होय. पावसाळ्याचा तर प्रश्नच नाही. टपालसेवेच्या आरंभीच्या वर्षांत जुहूची धावपट्टी पावसात निकामी होई, तेव्हा टाटांनाही मुक्काम पुण्याला हलवावा लागत असे.

निळे पेट्रोल

या इंजिनांना १०० ऑक्टेनचे शिसेयुक्त विमान-पेट्रोल लागते. ओळख पटावी म्हणून त्याला निळा रंग दिलेला असतो. वर्षानुवर्षे हे इंधन आपण आयात करीत होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदरा येथील शुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले इंधन बाजारात आणले. तरीही ते प्रत्येक विमानतळावर मिळत नाही. मोठ्या विमानतळांवरील टँकरमध्ये जेट विमानांचे केरोसीन असते आणि ते पिस्टन इंजिनात चुकून गेले तर उड्डाणानंतर काही मिनिटांतच इंजिन बंद पडू शकते. म्हणून इंधन भरताना मालकाने किंवा वैमानिकाने स्वतः उभे राहावे. त्यानंतर टाक्यांच्या तळातून थोडे थोडे इंधन पारदर्शक भांड्यात काढून पाहायचे. नव्या सेसना १७२ ला अशी तेरा ठिकाणे आहेत. पाणी जड असल्याने तळाशी थेंब होऊन बसते.

मोटारीचे पेट्रोल चालणार नाही का? रोटॅक्ससारख्या हलक्या इंजिनांना ते चालते. मात्र दहा टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलचेच. आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. उसाच्या पट्ट्यातील वाचकांना हा योगायोग गमतीचा वाटेल, विमानमालकाला नाही.

अभियंत्याची सही

उड्डाणापूर्वीची पाहणी वैमानिक करू शकतो. पाना फिरवून विमान पुन्हा उड्डाणयोग्य ठरविण्याचा अधिकार मात्र परवानाधारक देखभाल अभियंत्याचा. पिस्टन विमानांसाठी त्या परवान्याचा वर्गही वेगळा आहे. विमान, इंजिन आणि पंखा यांच्या स्वतंत्र नोंदवह्या असतात. ज्याची नोंद नाही ते काम झालेच नाही, असे धरतात. नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, तिचा ठरावीक मुदतीने होणारा आढावा, विमा आणि रेडिओचा परवाना यांतील एक कागद संपला तरी धडधाकट विमान हँगरबाहेर काढता येत नाही. १९३४ चा जुना कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला असला, तरी हा भार हलका झालेला नाही.

कागदांचे वजन किती असते, हे कॅप्टन अमोल यादव यांच्याइतके कोणी अनुभवले नसेल. मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात देशाने ते पाहिले. नोंदणी मिळाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये.

या कडकपणाला लाल फीत म्हणून हिणविणे सोपे आहे. परंतु बारामती परिसराने किंमत पाहिली आहे. २५ जुलै २०२२ रोजी एक प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत दोन विमाने पडली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण थांबविले. अपघातानंतर तपास अधिकारी प्रथम ताब्यात घेतात त्या याच नोंदवह्या.

बीडचा उन्हाळा

बीड समुद्रसपाटीपासून सुमारे ५१५ मीटर उंच आहे. हवा चाळीस अंश तापली की ती इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने धावपट्टी जणू दीड हजार मीटर उंचीवर जाते. इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. समुद्रकिनारी थंड हवेत तीनशे मीटरच्या आत जमीन सोडणारे विमान येथे जवळजवळ दीडपट धावते. चार धडधाकट माणसे, सामान आणि भरलेल्या टाक्या असा बेत मे महिन्यातील दुपारी सोडूनच द्यावा. धावपट्टीची लांबी ठरविताना हा आकडा कोणी विचारात घेतो का, असा प्रश्न पडतो.

बीडला आज स्वतःची धावपट्टी नाही. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि लातूर येथील विमानतळ शंभर ते दीडशे किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. अंबाजोगाईकरांना लातूर जवळ. म्हणजे मुंबईचा दीड तास गाठण्यासाठी आधी दोन-अडीच तास मोटारीत बसणे आले. धावपट्टीच्या चर्चेत लांबी, भूसंपादन आणि श्रेय यांवर भरपूर बोलले जाते. हँगर, निळ्या पेट्रोलचे पिंप आणि परवानाधारक अभियंता यांचे नाव निघत नाही. या तिन्हींवाचून डांबराचा तो पट्टा पाहुण्यांच्या विमानांपुरताच राहील.

खर्चाचा खरा आकडा

नव्या सेसना १७२ ची किंमत चार लाख डॉलरच्या पुढे आहे. त्यावर, वैयक्तिक वापरासाठी विमान घेतल्यास, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. पुढील हिशेब केवळ समजण्यासाठी. हँगरभाडे, विमा आणि वार्षिक तपासणी मिळून वर्षाला दहा लाख रुपये धरले आणि विमान वर्षात पन्नास तास उडाले, तर तासाला वीस हजार झाले. दोनशे तास उडाले तर पाच हजार. इंजिनाच्या नूतनीकरणाला चाळीस लाख धरले तर २००० तासांवर तासाला दोन हजार पडतात. पण वर्षाला पन्नास तास उडणारे विमान बारा वर्षांत सहाशेच तास करते आणि तोच भार तासाला साडेसहा हजारांच्या पुढे जातो. म्हणूनच चार-पाच जणांनी मिळून एक विमान घेणे किंवा फ्लाइंग क्लबचे विमान तासाच्या भाड्याने वापरणे बहुतेकांना परवडते. भागीदारीत मात्र कोणी किती तास उडविले आणि बिघाड कोणाच्या हातून झाला, याचा लेखी करार आधीच करावा. बांधावरच्या विहिरीचे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.

जुने विमान घेताना विक्रेता 'वीस वर्षांत जेमतेम चारशे तास' असे अभिमानाने सांगतो. त्या वेळी नोंदवही हाती घ्यावी आणि शेवटच्या तीन वर्षांतील उड्डाणांच्या तारखा पाहाव्यात. तारखांमध्ये सहा-सहा महिन्यांची खिंडारे असतील, तर आपल्या पसंतीच्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या अभियंत्याकडून सिलिंडरमध्ये दुर्बीण घालून तपासणी करून घ्यावी आणि कॅमशाफ्टची अवस्था कळेपर्यंत इसाराची रक्कम देऊ नये.