दहा गुंठ्यांचं गणित

१९७०-७१ साली महाराष्ट्रात एका खातेदाराच्या वाट्याला सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. सरासरी हा शब्द मोठा फसवा. त्याच्या आड अशी कितीतरी घरं दडलेली असतात, की भावाभावांच्या वाटण्या होऊन हाती उरतात ते फक्त गुंठे. एवढ्याशा तुकड्यावर एक घर जगेल का?

श्री. अ. दाभोलकर हे मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांनी हा प्रश्न उदाहरणासारखा मांडला : माणसं पाच, जमीन दहा गुंठे, म्हणजे पाव एकर. उत्तर शोधताना ते बी-बियाण्यापासून निघाले नाहीत, उन्हापासून निघाले. आपल्या जमिनीवर पडणारं ऊन किती, त्यातलं पानावर किती झेललं जातं आणि उघड्या मातीवर किती वाया जातं, हा त्यांचा हिशेब. ऊन फुकट येतं, पण झेलायला पान हवं! तासगावच्या द्राक्ष बागायतदारांसह अनेक शेतकरी त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’त आले. आपल्या शेतात जे करून पाहिलं, ते दुसऱ्याला सांगायचं, अशी ती रीत. स्वावलंबन म्हणजे एकट्यानं जगणं, असं आपण उगाच समजतो. या माणसानं ते सगळ्यांत मिळून मांडलं.

सत्तरच्या दशकात दूर ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर बिल मॉलिसन आणि त्यांचा तरुण सहकारी डेव्हिड होमग्रेन याच प्रश्नाला भिडले होते. १९७८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि ‘पर्माकल्चर’ हा शब्द रूढ झाला. शब्द जड असला, तरी त्यातली एक गोष्ट कुणालाही पटेल. जमीन आखताना आपली पावलं मोजा. जिथं दिवसातून दहादा जाणं होतं, तिथं, म्हणजे दाराशी, कोथिंबीर-मिरची. त्यापलीकडे कोंबड्या, मग फळझाडं, मग धान्य. आणि शेवटच्या टोकाला थोडं रान, ज्याला हात लावायचा नाही. माझ्या अम्मीनं यातलं काही वाचलेलं नव्हतं. तरी आमच्या परसात वजूचं पाणी पुदिन्याला जायचं आणि पुदिना स्वयंपाकघराच्या दारातच होता.

पण पावलांचा आणि उन्हाचा हिशेब जमला, तरी एक अडचण उरतेच. झाड लावलं म्हणजे उद्या फळ येत नाही. मधली वर्षं काढायची कशी? मला वाटतं, अशा बेतांतले बहुतेक बेत इथंच मोडतात. मीठ विकत आणावं लागतं, मुलांची फी भरावी लागते.

याचं उत्तर मला भास्कर सावे यांच्या बागेत दिसतं. गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात, उंबरगाव तालुक्यातल्या देहरी गावी त्यांची ‘कल्पवृक्ष’ वाडी आहे. पालघर जिल्ह्याची हद्द तिथून जवळच. सावे (१९२२-२०१५) आधी शाळामास्तर होते. सुरुवातीला रासायनिक खतांवर त्यांनी भरघोस पिकं काढली. पुढे खर्च आणि उत्पन्न यांचा ताळा पाहून ती वाट सोडली. त्यांनी झाडांची वयं जुळवली. अल्पजीवी, मध्यजीवी, दीर्घजीवी अशी त्यांची विभागणी. नारळ-चिकूची रोपं लहान असताना मधल्या मोकळ्या जागेत भाजीपाला आणि कडधान्य, जोडीला केळी, पपई, एरंड. पाणी खोडाशी नाही, दोन ओळींमधल्या चरात. मुळांनी त्याच्या ओलाव्याकडे पसरत जायचं. जपानचे मासानोबू फुकुओका ही बाग पाहून गेले. २००६ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, सावे यांनी हरितक्रांतीच्या धोरणाबद्दल थेट एम. एस. स्वामिनाथन यांनाच खुलं पत्र लिहिलं होतं.

या रचनेत घराला पहिल्या वर्षी भाजी मिळते, मग केळी-पपई. नारळ-चिकूची सावली दाटू लागली, की भाजीला तिथं ऊन पुरत नाही. तोवर नारळ धरू लागलेला असतो.