अंमल, मामला आणि मामूल

कचेरींतला मामलेदार, दारूचा अंमल आणि बाजारांतली मामुली वस्तु या तिघांचें एकमेकांशीं कांहीं नातें असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. एक सरकारी अधिकारी, दुसरी नशा आणि तिसरें नुसतें विशेषण. परंतु या तिन्ही शब्दांचें कुळ एकच आहे. तें म्हणजे अरबी भाषेंतील ऐन, मीम आणि लाम या तीन व्यंजनांचा धातु.

संस्कृत धातूला उपसर्ग आणि प्रत्यय लागून शब्द बनतात, हें आपल्या परिचयाचें आहे. अरबीची तऱ्हा निराळी. तेथें तीन व्यंजनांचा सांगाडा कायम राहतो, आणि मधले स्वर बदलले, एखादें अक्षर पुढें किंवा मध्यें आलें, कीं अर्थ वळतो. 'अमल' म्हणजे काम, कृति. 'आमिल' म्हणजे तें करणारा. 'मअमूल' म्हणजे केलेलें, नेहमीं केलें जाणारें. 'मुआमला' हें रूप दोन पक्षांचें आहे. एकानें दुसऱ्याशीं आणि दुसऱ्यानें पहिल्याशीं करावयाचा व्यवहार, असा त्याचा भाव. 'इस्तिअमाल' म्हणजे एखादी वस्तु कामीं लावणें; हिंदींतील 'इस्तेमाल' तो हाच. ऐन हा वर्ण घशांतून खोल उच्चारावयाचा असतो. मराठी जिभेला तो मानवत नाहीं, म्हणून तिनें तो गाळला आणि 'मअमूल'चा 'मामूल' केला.

'आमिल' या शब्दाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. कुराणाच्या नवव्या अध्यायांत जकातीच्या कामावर नेमलेल्या माणसांना याच धातूचा शब्द लाविला आहे, आणि पुढें खलिफांच्या राज्यांत प्रांतावरील वसुली अधिकारी 'आमिल' म्हणविला जाऊं लागला. इकडे व्याकरणकारांनींही तोच शब्द उचलला. आठव्या शतकांत बसरा येथें शिकलेला इराणी पंडित सीबवैही यानें अरबी व्याकरण रचिलें, तें याच कल्पनेवर. वाक्यांतील जो शब्द दुसऱ्या शब्दाच्या अंत्य स्वरावर सत्ता चालवितो, तो आमिल. आणि ज्याच्यावर ती चालते, तो मामूल. १०७८ सालीं वारलेल्या अब्दुल काहिर जुर्जानी या पंडितानें अशा शंभर आमिलांवर एक लहानसें पुस्तक लिहिलें, आणि हिंदुस्थानांतील मदरशांतूनही तें पढविलें जात आलें. व्याकरणाच्या आमिलामुळें शब्दाचा शेवट बदलतो. परगण्यावरच्या आमिलामुळें रयतेचा बदलत असे, एवढाच काय तो फरक.

हे शब्द आपल्याकडे आले ते थेट अरबस्तानांतून नव्हेत, तर फारशीच्या मार्गानें, राज्यकारभाराची भाषा म्हणून. अकबराच्या वसुली अधिकाऱ्याला 'आईन-इ-अकबरी'त 'अमलगुजार' म्हटलें आहे. सिंधमध्यें ज्या हिंदु घराण्यांनीं मुसलमान राज्यकर्त्यांची दप्तरें सांभाळलीं, त्यांचें 'आमिल' हेंच जातिनाम झालें. १९४७ च्या फाळणीनंतर त्यांपैकीं पुष्कळ कुटुंबें मुंबईकडे येऊन राहिलीं. ज्याचें काम चालतें त्याची सत्ता चालते, या न्यायानें मराठींत 'अंमल' म्हणजे राज्य असा अर्थ रूढ झाला. आणि राज्य जसें माणसावर चालतें, तशी अफूही चालते. राजपुतान्यांत तर अफूलाच 'अमल' म्हणतात. संस्कृतांत 'अमल' म्हणजे निर्मळ. त्या अमलाशीं या अंमलाचा कांहीं संबंध नाहीं. मराठीनें डोक्यावर अनुस्वार देऊन दोघांची गल्लत टाळली, हें बरेंच झालें.

१६७४ सालीं शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पेशव्याचा मुख्य प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव झाला. रघुनाथ पंडितांकडून महाराजांनीं 'राज्यव्यवहारकोश' करविला, तो याच हेतूनें. दरबारांतील पदव्या याप्रमाणें बदलल्या. परंतु खालीं परगण्यांत, जेथें वसुलाची घासाघीस होते, तेथें जुने शब्द पाय रोवून राहिले. पेशव्यांच्या दप्तरांत अंमल आणि मामलत हे शब्द पानोपानीं भेटतात, आणि ते लिहिणारे कारकून बहुधा स्नानसंध्या करणारे ब्राह्मण होते!

मामलतदार हा मुळांत पेशव्यांच्या बाजूनें जिल्ह्याचा कारभार पाहणारा अधिकारी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं मामलती मक्त्यानें देण्याची चाल पडली. जो अधिक रक्कम कबूल करील त्याला परगणा मिळे. म्हणजे 'मुआमला' शब्दाचा मूळ अर्थ, दोघांतला सौदा, तो अशा रीतीनें परत आला. मात्र सौदा सरकार आणि मक्तेदार यांचा, आणि किंमत द्यावयाची ती कुणब्यानें. उद्यां दुसरा कोणी बोली वाढवील या धास्तीनें मक्तेदार आजच हात धुऊन घेई. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ च्या आपल्या अहवालांत या पद्धतीचे दुष्परिणाम नमूद केले आहेत. इंग्रजांनीं मक्ता मोडला आणि मामलेदाराला कलेक्टराच्या हाताखालीं पगारी नोकर केलें. नांव मात्र तेंच ठेविलें.

'मामूल'ची कथा याहून कडवट आहे. जें नेहमीं केलें जातें तें वहिवाटीचें, वहिवाटीचें तें रोजचें, आणि रोजचें तें क्षुल्लक. या उतरणीनें मराठीला 'मामुली' मिळाला. तेलंगणांत व तामिळनाडूंत मामूल याचा अर्थ ठरलेली चिरीमिरी असाही होऊन बसला. देणें इतकें नित्याचें झालें, कीं त्याला वेगळें नांव देण्याची कोणाला गरजच वाटली नाहीं. महाराष्ट्रांत असल्या वहिवाटीचा स्फोट १८८८ सालीं क्रॉफर्ड प्रकरणांत झाला. मध्य भागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याच्यासाठीं बढती-बदलीकरितां पैसे भरावे लागले, अशा साक्षी मामलेदारांनीं अभयवचन मिळाल्यावर दिल्या. लांचेचा आरोप शाबीत झाला नाहीं. हाताखालच्या प्रदेशांत कर्जें काढल्याबद्दल मात्र क्रॉफर्डला नोकरी सोडावी लागली. पुढें साक्ष देणाऱ्या मामलेदारांवरच गदा आली, तेव्हां टिळकांनीं त्यांची बाजू घेतली. सरकारनें दिलेला शब्द सरकारनें पाळावा, एवढीच ती मागणी होती, आणि ती रास्त होती.

१९६६ च्या जमीन महसूल संहितेनें महाराष्ट्रांत तालुक्याच्या अधिकाऱ्याला 'तहसीलदार' हें नांव कायम केलें. गोव्यांत व गुजराथेंत तो मामलेदार, मामलतदारच राहिला. तहसील, हाशील आणि महसूल हेही एका अरबी धातूचेच भाऊ, तेव्हां या बदलानें भाषेची शुद्धि झाली असें मानण्याचें कारण नाहीं. 'अंमलबजावणी'ची तर गोष्टच सोडा. त्यांतला अंमल अरबी, बजा फारशी आणि शेवटची 'णी' तेवढी घरची.

जुना मामलेदार कायद्याच्या पोथींत अजून जिवंत आहे. शेताची वाट किंवा पाण्याचा प्रवाह कोणी अडविला, तर शेतकरी आजही तहसीलदाराकडेच अर्ज करतो, पण तो १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखालीं. आणि तेथें वाद असतो तो बहुधा हाच, कीं ही वाट मामूल होती कीं नव्हती.