जुन्या गाडीत नवे इंजिन

कोकणच्या किनाऱ्याने आखलेल्या सागरी महामार्गाच्या नावातच त्याची दोन टोके सांगितलेली आहेत. उत्तरेस रायगड जिल्ह्यातील रेवस आणि दक्षिणेस सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडी. रेडीच्या पुढे तेरेखोल लागते, आणि तेथून गोव्याची हद्द सुरू होते. या रेडी गावी यशवंतगड नावाचा जुना किल्ला आहे. १७४६ साली तो पोर्तुगीजांनी घेतला, पुढे तो सावंतांकडे परत आला आणि १८१९ साली इंग्रजांच्या हाती पडला. तट तोच राहिला, धनी मात्र वेळोवेळी निराळे झाले. जुन्या मोटारीत नवे इंजिन बसविण्याची गोष्टही वरवर पाहता अशीच वाटते. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे. नवा किल्लेदार आला म्हणून तटाच्या चिऱ्यांवर अधिक भार पडत नाही. गाडीत नवे इंजिन आले, की तिच्या हाडांपासून नसांपर्यंत प्रत्येक भागाला त्याचा हिशेब द्यावा लागतो.

जुन्या इंजिनाचा कंटाळा येण्याचे मुख्य कारण म्हणजे कार्बोरेटर. याची रचना मोठी चतुर आहे. इंजिनाने ओढलेली हवा एका अरुंद गळ्यातून वेगाने जाते. त्या ठिकाणी तिचा दाब उतरतो आणि जेट नावाच्या सूक्ष्म छिद्रातून पेट्रोल आपोआप वर ओढले जाऊन हवेत मिसळते. यात ना वीज लागते, ना गणित. पण छिद्र एकदा पाडले ते पाडले. पावसाळ्याच्या गार सकाळी हे मिश्रण अपुरे पडते आणि चोक ओढून बसावे लागते. रेडीहून निघून सुमारे ६९० मीटर उंचीवरील आंबोलीस पोहोचले, की हवा थोडी विरळ होते. जेटमधून येणारे पेट्रोल मात्र त्या मानाने घटत नाही. आंबोलीस हा फरक थोडा, हिमालयाच्या घाटांत तो फार. तात्पर्य, कार्बोरेटर हा प्रामाणिक परंतु एकाच मापाने मोजणारा वाणी आहे.

१ भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळावयाचे, तर पेट्रोल ओढले जाण्याची वाट न पाहता ते मोजून, दाबाने, फवाऱ्याच्या रूपाने दिले पाहिजे. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एस एल या गाडीत यांत्रिक पंपाने असे पेट्रोल देण्यात येत होते. १९६७ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने विजेच्या साहाय्याने नियंत्रित होणारी पद्धत फोक्सवागेन गाडीत आणली. पुढे धुराड्यात प्राणवायू मोजणारे उपकरण बसले. जळण कमी झाले की अधिक, याची वर्दी ते इंजिनाच्या विद्युत्-मेंदूस देऊ लागले. आपल्या देशात २००० साली शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आले आणि धुराविषयीचे नियम कडक झाले. त्यानंतर नव्या मोटारींतून कार्बोरेटर हळूहळू दिसेनासा झाला.

जुन्या अंगात नवे इंजिन घालण्याची कल्पना ही काही हौशी तरुणांनी अलीकडे काढलेली टूम नव्हे. ती महाराष्ट्रातील मोठ्या कारखान्यांनीच रूढ केली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीप जुळविण्यास प्रारंभ केला. तिने पुढे ज्या जीपचे उत्पादन केले, त्या १९५३ च्या सीजे-३बी जीपचे उंच बॉनेट पुष्कळांना आठवत असेल. ते तसे उंच असण्याचे कारण शोभा नव्हते. विलिसने जुन्या चेसिसवर हरिकेन नावाचे २.२ लिटरचे नवे इंजिन बसविले, ते पूर्वीच्यापेक्षा उंच होते, म्हणून बॉनेट वर उचलावे लागले. सुताराने पाहुण्याच्या उंचीसाठी दाराची चौकट वाढवावी, तसाच हा प्रकार झाला.

पुढे पेट्रोल महाग झाले. १९७९ साली महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि ते इंजिन इगतपुरी येथे तयार होऊ लागले. डिझेल इंजिनास कार्बोरेटर नसतो. त्यात इंधन पंपाच्या दाबाने फवारूनच द्यावे लागते. म्हणजे फवाऱ्याचे इंधन आपल्याकडील जुन्या घाटाच्या गाडीत पेट्रोलच्या पुष्कळ आधी डिझेलच्या वाटेने शिरले होते. येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. महिंद्रने केवळ इंजिन आणून भागविले नाही. १९८२ साली किया कंपनीच्या गिअरबॉक्सचाही परवाना घेतला. नव्या इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारी साखळी जुनीच ठेवून चालत नाही, हे कारखानदारांनी ओळखले होते.

दुसरे उदाहरण कुर्ल्याचे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने फियाट ११०० ही गाडी घरोघरी पोहोचविली. १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे होते. १९८५ साली याच कुर्ल्यातून ११८ एनई नावाची गाडी निघाली. तिचा सांगाडा १९६६ च्या फियाट १२४ चा होता आणि इंजिन जपानच्या निसानचे, ११७१ घन सेंटिमीटरचे. नावातील ‘एनई’ ही अक्षरे निसान इंजिनाचीच खूण होत. या इंजिनातही कार्बोरेटरच होता. तथापि इटलीचा देह, जपानचे काळीज आणि मुंबईचे हात असा हा त्रिवेणी संगम होता. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने १९९२ च्या सुमारास अँबॅसडरच्या जुन्या देहात इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन घातले. त्याबरोबर पाच गतींचा गिअरबॉक्स आला, आणि स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा खाली जमिनीवर उतरला.

आता घरच्या पद्मिनीत एखाद्या अलीकडच्या लहान मोटारीचे फवाऱ्याचे इंजिन बसवावयाचे म्हटले, तर मिस्त्रीसमोर कोणती कामे उभी राहतात, ते पाहणे उद्बोधक होईल. प्रथम इंजिन चेसिसवर टेकविण्यासाठी नवी फाउंडेशने करावी लागतात. जुनी गाडी मागच्या चाकांनी चालणारी आणि आजची लहान मोटार बहुधा पुढच्या चाकांनी चालणारी. त्यामुळे आडवे बसणारे इंजिन उभे बसवावे लागते, त्यास जुळणारा गिअरबॉक्स शोधावा लागतो आणि मागे जाणाऱ्या शाफ्टची लांबी बदलावी लागते. कार्बोरेटरला पेट्रोल अगदी अल्प दाबाने पुरते. फवाऱ्यास त्याच्या कित्येक पट, साधारण ३ बार इतका दाब लागतो. जुनी रबरी नळी हा दाब सोसत नाही, आणि पेट्रोलची नळी गरम इंजिनाजवळ फुटणे म्हणजे आगीला आमंत्रण. उरलेले पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी नळी बहुधा टाकावी लागते. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर हवा, कारण विद्युत्-मेंदूस विजेचा चढउतार खपत नाही. रेडिएटर मोठा हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेक. ४० घोड्यांच्या बळासाठी केलेल्या ब्रेकांवर दुप्पट बळाची गाडी आंबोलीच्या घाटातून उतरविणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. त्यातच रेडीसारख्या समुद्रकाठच्या गावी खारा वारा पत्रा खात असतो. खालून गंजलेल्या सांगाड्यावर नव्या इंजिनाचा जोर पडला, तर आधी सांगाडाच हार खातो.

यंत्राचा प्रश्न सुटला, तरी कायद्याचा उरतो. नोंदणी पुस्तकात चेसिसच्या क्रमांकाशेजारी इंजिनाचा क्रमांक लिहिलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीतील फेरफारांस मर्यादा घातल्या आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असा निर्णय दिला. म्हणून परिवहन कार्यालयाची मंजुरी हातात येण्यापूर्वी इंजिनाचा एकही बोल्ट सैल करू नये, हे उत्तम. अपघात झाल्यावर विमा कंपनी प्रथम तेच पुस्तक उघडते.

याहून नाजूक गोष्ट दुसरीच आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी निराळी नोंदणी सुरू केली. अशा गाडीस ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. तिची अट अशी, की चेसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. मात्र ही गाडी प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती इत्यादी कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज बाजारहाटास नेता येत नाही. १९७४ च्या पहिल्या पद्मिनींना २०२४ साली ५० वर्षे पूर्ण झाली. मुंबईच्या टॅक्सींत वावरणाऱ्या पद्मिनींनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्याचा निरोप घेतला. आता ज्या उरल्या आहेत, त्यांच्या मालकांपुढे दोन वाटा आहेत. जुने इंजिन राखले, तर वारशाचा मान मिळतो, पण गाडी बहुतेक काळ पडवीत उभी राहते. नवे इंजिन घातले आणि त्यास मंजुरी मिळाली, तर गाडी रोज धावते, पण तो मान जातो.

या दोन वाटांत चूक कोणतीच नव्हे. ज्या घरी ती गाडी मुलांना शाळेत नेते, आजारी माणसास कुडाळच्या स्थानकापर्यंत पोहोचविते, त्या घरास गाडी धावती ठेवण्याचा हक्क आहे. विलिसने, महिंद्रने, कुर्ल्याच्या कारखान्याने तेच केले. फक्त त्यांनी जो धडा घालून दिला, तो पुरता घ्यावा: इंजिनासह गिअरबॉक्स, ब्रेक, नळ्या व तारा, सर्व एकमेकांस शोभेल असे बदलावे. आणि एक काळजी कारखान्यांनी घेतली नाही, ती घरच्या मालकाने अवश्य घ्यावी. नवी फाउंडेशने शक्य तेथे वेल्डिंगने नव्हे, बोल्टने बसवावीत. काढलेले इंजिन भंगारवाल्यास न देता, सिलिंडरांत तेल घालून, कापडात गुंडाळून लाकडी खोक्यात कोरड्या जागी ठेवावे, व त्यावर त्याचा क्रमांक लिहून ठेवावा. पुढच्या पिढीतील कोणास ती गाडी पूर्वीसारखी करावीशी वाटली, तर त्याला ती करता यावी.