जाम झालेले बेअरिंग आणि लोहाराची विद्या

लाकडी गाडीच्या काळी आसाला वंगण मिळाले नाही की चाक कुरकुरू लागे आणि बैल थकून जात. आस चाकाच्या तुंब्यात सरळ घासत असे, हे त्याचे कारण. वेल्समधील फिलिप व्हॉन या लोखंडाच्या कारखानदाराने १७९४ साली गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. घासण्याऐवजी लोळणे, एवढीच त्यातली कल्पना. पण केवढी मोठी! अडचण गोळ्यांच्या मापाची होती. एखादी गोळी केसभर मोठी निघाली तरी सारा भार तिच्यावरच पडे. जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिश फिशर याने १८८३ मध्ये एकसारख्या पोलादी गोळ्या घासून काढणारे यंत्र तयार केले आणि ती अडचण सरली. वळणावर चाकावर बाजूनेही भार येतो. तो झेलणाऱ्या निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट सेंट लुईसचे बग्गी-कारखानदार हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये घेतले.

लोळण्याच्या या सुखासाठी काही ठिकाणी घट्टपणा मात्र पत्करावा लागला. पुष्कळ मोटारींत बेअरिंगचे आतले कडे आसावर सरकू नये म्हणून ते किंचित लहान करून दाबून बसवलेले असते. सील फाटून पाणी शिरले, गंज चढला, वंगण आटले, की बेअरिंग जाम होते. तुंबा कसाबसा निघाला तरी कडे आसालाच चिकटून राहते. अंगणात गाडी पक्क्या टेकूंवर ठेवून बसलेला गृहस्थ मग हातोडा उचलतो, आणि आस बिघडतो तो बहुधा तेथेच.

लोहाराने हे कोडे फार पूर्वी सोडवले होते. चाकावर धाव चढवताना तो ती आधी तापवून फुगवी, मग पाणी ओतून आवळी. तोच नियम येथे उलटा लावायचा. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून त्या धातूचा तुंबा चहूकडून तापवला की त्यातले बाहेरचे कडे सैल होते. वंगण किंवा ब्रेकचे तेल जवळ असताना ज्योत मात्र पेटवू नये. आसावरचे कडे पुलरने ओढावे. तेही साधले नाही तर सानेच्या चकतीने कड्याला खोल चीर पाडतात, आसाला स्पर्श न होईल इतपतच, आणि छिन्नीचा एक घाव घालतात. कठीण केलेले पोलाद वाकत नाही, तडकते. पकड तत्क्षणी सुटते. कपच्या उडतात, तेव्हा डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

मोकळा झालेला आस पुसून उजेडात पाहावा. त्यावर निळसर छटा असेल तर तो अतिशय तापून गेला आहे. अशा आसावर नवे बेअरिंग चढवू नये.